उपग्रहावरून इंटरनेट आलं तर त्यावर हुकूम कुणाचा चालणार?

नागपूरच्या एका विद्यार्थ्याने विचारलंय: "महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२५मध्ये स्टारलिंकसोबत इरादापत्रावर सही केली. गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशीम या जिल्ह्यांची नावं त्यात आली. इंटरनेट थेट आकाशातून उतरणार असेल तर सरकारचं त्यावर नियंत्रण उरेल का? आणि आयकॅन, आयटीयू या संस्था मग निरुपयोगी होतील का? मला या विषयात पुढे काम करायचंय, नागपुरात राहून काय करता येईल?"

मी नागपुरात राहून विदर्भातल्या लिंक सांभाळतो. बँकांच्या शाखा, खाणी, तहसील कार्यालयं अशा ज्या जागी फायबर पोचत नाही, किंवा पोचूनही टिकत नाही, तिथे व्हीसॅटची छत्री (उपग्रहाशी बोलणारी छोटी डिश) बसवायची आणि ती चालू ठेवायची, हे माझं बरीच वर्षं चाललेलं काम आहे. त्यामुळे हे उत्तर वकिलाचं नाही, लिंक पडली की ज्याचा फोन वाजतो त्याचं आहे.

आधी प्रश्नातली नावं: स्टारलिंक ही उपग्रहांवरून इंटरनेट देणारी इलॉन मस्क यांची अमेरिकी कंपनी, आयकॅन ही इंटरनेटवरची नावं आणि क्रमांक सांभाळणारी संस्था, आणि आयटीयू ही रेडिओ लहरींचे नियम ठरवणारी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना. आता प्रश्न थोडा फिरवून घेतो. "सरकारला बंद करता येईल का" याचं उत्तर बहुतेक ठिकाणी "हो" असंच आहे, आणि ते का, हे खाली सांगतो. अवघड भाग त्याच्या पुढचा आहे. एखाद्या गावाचं इंटरनेट चालू ठेवायचं की बंद करायचं हे ठरवणारी माणसं कोण? ती कुठल्या देशाच्या कायद्याखाली बसलेली असतात? आणि निर्णय चुकला तर गावाने दाद कुणाकडे मागायची? उपग्रहांमुळे खरी उलथापालथ झाली आहे ती या तीन प्रश्नांत.

जुन्या व्यवस्थेपासून सुरू करू. व्हीसॅटचा उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतो आणि जमिनीवरून एकाच जागी स्थिर दिसतो. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. अशा वेळी तिथल्या शाखेतून निघालेला डेटा त्या उपग्रहापर्यंत जातो आणि खाली हबवर उतरतो. हब म्हणजे कंपनीचं मोठं भूकेंद्र. उत्तर त्याच वाटेने परत येतं आणि या फेरीत अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ जातो. बँकेच्या व्यवहाराला तेवढं चालतं, पण व्हिडिओ कॉलवर माणसं सतत एकमेकांचं बोलणं तोडत राहतात.

नवे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर फिरतात. समृद्धी महामार्गाने नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर पडतं. डोक्यावरून जाणारा उपग्रह त्याहून जवळ असतो. म्हणून पिंग, म्हणजे डेटाच्या जाऊन येण्याचा वेळ, २५ ते ५० मिलिसेकंदांवर येतो. मात्र इतक्या खालून एका उपग्रहाला जमिनीचा छोटाच तुकडा दिसतो आणि काही मिनिटांत तो क्षितिजाखाली जातो, त्यामुळे एकदोन उपग्रहांनी भागत नाही, हजारो लागतात. स्टारलिंकने मे २०१९मध्ये पहिले ६० सोडले आणि आता संख्या हजारोंत आहे. वनवेब या दुसऱ्या कंपनीचं जाळं १,२०० किलोमीटरवर आहे. त्यातले ७२ उपग्रह आपल्याच एलव्हीएम३ रॉकेटने ऑक्टोबर २०२२ आणि मार्च २०२३मध्ये दोन खेपांत वर नेले.

यातली एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यातून निघतं. इतक्या खाली फिरणारा उपग्रह सुमारे दीड तासात पृथ्वीला फेरी मारतो. तो फक्त भारतासाठी ठेवता येत नाही. आत्ता विदर्भावर असलेला उपग्रह थोड्या वेळाने दुसऱ्याच देशावर असतो. म्हणजे निम्न कक्षेतलं जाळं उभारायचं तर ते जगभराचंच उभारावं लागतं, आणि तेवढा पैसा, तेवढी रॉकेटं असणाऱ्या कंपन्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत. केबलचं इंटरनेट हजारो कंपन्यांनी जोडून बनलं. प्रत्येक कंपनी कुठल्या तरी देशाच्या परवान्याखाली होती. इंटरनेट गव्हर्नन्सच्या सगळ्या संस्था आणि प्रथा ते गृहीत धरून घडल्या. इथे एकच कंपनी शंभराहून जास्त देशांत थेट ग्राहकाच्या छपरावर असते.

आता "सरकारला बंद करता येईल का" याकडे येऊ. जिल्ह्यात इंटरनेट बंदीचा आदेश निघाला की मोबाईल कंपन्या त्या भागातल्या टॉवरचा डेटा थांबवतात. व्हीसॅटला टॉवर नसतो. तिथे हबवर बसलेला माणूस टर्मिनलची, म्हणजे ग्राहकांकडच्या डिश-संचांची, यादी उघडतो, त्या भागातल्या छत्र्या निवडतो आणि बंद करतो. नव्या उपग्रहांचंही मूळ तत्त्व हेच आहे. फरक एवढाच की टर्मिनल उचलून दुसरीकडे नेता येतं, म्हणून त्याचं ठिकाण सतत तपासावं लागतं. टर्मिनलला स्वतःची जागा कळते आणि ती जाळ्यालाही कळते, कारण ते कळल्याशिवाय उपग्रह त्याच्याकडे बीम (रेडिओ लहरींचा झोत) वळवूच शकत नाही. "आकाशातून येतंय म्हणजे कुणालाच थांबवता येणार नाही" ही समजूत इथेच गळून पडते. तांत्रिकदृष्ट्या हे जाळं केबलपेक्षाही बारकाईने बंद करता येतं, अगदी एका घरापुरतं.

सरकारच्या हाती तीन गोष्टी असतात: परवाना, गेटवे (उपग्रहाचा डेटा जिथे जमिनीवर उतरतो ते भूकेंद्र) आणि टर्मिनल. भारताने तिन्ही घट्ट धरल्या आहेत. २०२१मध्ये स्टारलिंकने परवान्याआधीच भारतात आगाऊ नोंदणी घ्यायला सुरुवात केली होती. दूरसंचार विभागाने नोव्हेंबरमध्ये ती थांबवायला लावली आणि कंपनीने लोकांचे पैसे परत केले. परवाना मिळाला तो थेट जून २०२५मध्ये. त्याच्या महिनाभर आधी विभागाने उपग्रह सेवांसाठी सुरक्षेच्या नव्या अटी काढल्या. भारतीय ग्राहकाचा डेटा भारतातल्या गेटवेतूनच गेला पाहिजे. त्याची प्रत देशाबाहेर काढायची नाही, तो बाहेर उलगडायचा नाही. टर्मिनलचं ठिकाण मागितल्यावर द्यायचं. जमिनीवरच्या सीमेपासून ५० किलोमीटरच्या पट्ट्यात आणि किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंत खास देखरेख ठेवायची. नागपूर देशाच्या मधोमध असल्याने हा पट्टा आपल्याला लागत नाही, पण बाकी सगळ्या अटी लागतात.

जमिनीवरची पकड किती परिणामकारक असते ते ब्राझीलमध्ये दिसलं. ऑगस्ट २०२४च्या शेवटी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एक्स हे मस्क यांचंच समाजमाध्यम बंद करायचा आदेश दिला. स्टारलिंकची बँक खाती त्याआधीच गोठवली होती, म्हणून खाती मोकळी होईपर्यंत आदेश पाळणार नाही, अशी भूमिका कंपनीने घेतली. तिथल्या दूरसंचार नियामकाकडून परवाना जाण्याची वेळ आली तेव्हा काही दिवसांतच, ३ सप्टेंबरला, कंपनीने आदेश पाळायचं जाहीर केलं. परवाना, पैसा आणि गेटवे देशात होते म्हणून हे झालं.

आणि यातलं काहीच देशात नसेल तर? इथे परिस्थितीनुसार उत्तर बदलतं, आणि म्हणूनच इराणचं प्रकरण मी सगळ्यांना वाचायला सांगतो.

स्टारलिंकच्या नव्या उपग्रहांमध्ये आपसांत बोलायला लेझर असतात. डेटा एका उपग्रहावरून दुसऱ्यावर उड्या मारत तिसऱ्याच देशातल्या गेटवेवर उतरू शकतो, त्यामुळे ग्राहकाच्या देशात भूकेंद्र असायलाच हवं असं उरत नाही. सप्टेंबर २०२२मध्ये हिजाबवरून पकडलेल्या महसा अमिनी या तरुणीच्या कोठडीतल्या मृत्यूनंतर इराणमध्ये मुलींच्या पुढाकाराने आंदोलनं पेटली आणि सरकारने इंटरनेट आवळलं. अमेरिकेने आपल्या निर्बंधांत सूट दिली, चोरवाटांनी टर्मिनल देशात पोचली आणि चालू लागली. इराणने आयटीयूच्या रेडिओ नियमन मंडळाकडे तक्रार नेली. रेडिओ नियमांचं कलम १८ सांगतं की कुठल्याही देशाच्या भूमीवरून प्रक्षेपण करणाऱ्या केंद्राला त्या देशाचा परवाना हवा. छपरावरची छोटी डिशही वरच्या दिशेने प्रक्षेपणच करते, म्हणजे तीही केंद्रच. मंडळाने २०२३मध्ये इराणची बाजू उचलून धरली आणि ही टर्मिनल बंद करवून घ्यायला सांगितलं. कुणाला सांगितलं हे महत्त्वाचं आहे. कंपनीला नाही, अमेरिका आणि नॉर्वे या देशांना. कारण आयटीयूच्या नोंदवहीत या जाळ्याच्या फ्रिक्वेन्सीचे अर्ज त्या देशांच्या नावाने आहेत.

पुढे काय झालं? आयटीयूकडे ना दंड आहे ना पोलीस. टर्मिनल चालत राहिली. जून २०२५मध्ये इस्रायल आणि इराणच्या संघर्षात इराणने इंटरनेट पुन्हा तोडलं, तेव्हा इलॉन मस्क यांनी बीम चालू असल्याचं जाहीरपणे लिहिलं.

मला विचाराल तर या प्रकरणात माझं मन त्या इराणी मुलींकडे आहे. ज्यांचा आवाज बंद केला त्यांना आकाशातून एक वाट मिळाली, याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्याच वाटेने म्यानमारच्या थायलंड सीमेवरचे फसवणुकीचे अड्डेही चालले. तिथे कोंडून ठेवलेल्या तरुणांकडून ऑनलाइन लुबाडणूक करून घेतली जात होती. मार्च २०२५मध्ये त्या भागातून पाचशेहून जास्त भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणलं. ऑक्टोबर २०२५मध्ये, म्हणजे अड्ड्यांवर डिशच्या रांगा असल्याचं जगभर छापून आल्यावर, कंपनीने तिथल्या २,५००हून जास्त टर्मिनल बंद केल्याचं सांगितलं. दोन्हीकडे तंत्र एक, परवाना दोन्हीकडे नाही. एक चालू राहिलं, दुसरं बंद झालं. मलाही हेच निकाल योग्य वाटतात. तरीही ते निकाल दिले ते एका कंपनीच्या कार्यालयात, कुठलाही आदेश प्रसिद्ध न करता.

युक्रेनमध्ये हीच गोष्ट आणखी टोकाला गेली. २४ फेब्रुवारी २०२२ला रशियाने चढाई केली त्याच दिवशी केए-सॅट या उपग्रह सेवेचे मोडेम सायबर हल्ल्याने निकामी झाले. फटका इतका लांब गेला की जर्मनीतल्या ५,८०० पवनचक्क्यांवरची दूरस्थ देखरेख तुटली. त्यानंतर काही दिवसांत स्टारलिंकची टर्मिनल युक्रेनमध्ये पोचली आणि देशाचं इंटरनेट मोठ्या प्रमाणात त्यांनी तगवलं. पण रशियाच्या ताब्यातल्या क्रिमियातल्या सेवास्तोपोलपर्यंत सेवा चालू करण्याची विनंती आली तेव्हा ती मान्य केली नाही, असं मस्क यांनी २०२३मध्ये स्वतः सांगितलं. तो निर्णय बरोबर होता की चूक यावर लोकांचे टोकाचे मतभेद आहेत. मला अस्वस्थ करतं ते वेगळंच. युद्धात एका राष्ट्राच्या संपर्काची हद्द कुठपर्यंत, हे ठरवायचा अधिकार एका उद्योजकाकडे होता, आणि तो त्याला कुठल्याही संसदेने किंवा कराराने दिलेला नव्हता.

आता आपल्याकडच्या बंदीशी तुलना करा. इंटरनेट बंदीला माझा विरोध आहे आणि तो मी लपवत नाही. माझ्या ग्राहकांचे पगार, पेन्शन, दवाखान्यांचे अहवाल त्यात अडकलेले मी पाहिले आहेत. तरी आपल्या कायद्यात दाद मागायची एक वाट निदान कागदावर आहे. जानेवारी २०२०मध्ये अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बंदीचे आदेश प्रसिद्ध करावे लागतील आणि ते गरजेपुरतेच असावे लागतील. २०२४च्या नव्या नियमांत आदेशाला १५ दिवसांची कमाल मर्यादा आहे, कारण लेखी द्यावं लागतं, आढावा समिती आहे. आदेश प्रसिद्ध होत नसेल तर वकील ते न्यायालयाला दाखवू शकतो. मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ इथेच, सिव्हिल लाइन्समध्ये आहे. कंपनीने स्वतःहून एखादा भाग नकाशावरून वगळला तर गडचिरोलीतल्या एटापल्लीच्या माणसाने नागपूर खंडपीठात नेमकं कशाला आव्हान द्यायचं? आदेशच नाही, फक्त एक बदललेली सेटिंग आहे.

इथपर्यंतचं थोडक्यात मांडतो. देशात परवाना आणि गेटवे असेल तर सरकारची सत्ता राहते, कदाचित वाढतेही. देशात काहीच नसेल तर निर्णय कंपनी आणि तिचं मूळ राष्ट्र घेतं. दोन्ही ठिकाणी ग्राहकाच्या हातात कमी उरतं, कारण केबलच्या जगात निर्णयाचे जे पन्नास टप्पे होते ते आता दोनतीनच उरतात.

आता आयकॅन आणि बाकी संस्थांचं. त्या संपत नाहीत, आणि याचं कारण साधं आहे: उपग्रह फक्त सगळ्यात खालचा थर बदलतो. डोमेन नावं तीच राहतात, आयपी पत्ते तेच राहतात. स्टारलिंकलाही बाकी सेवादात्यांसारखा स्वायत्त जाळ्याचा क्रमांक (इंटरनेटवर त्या कंपनीचं जाळं ओळखायचा आकडा) घ्यावा लागला, तो १४५९३ आहे. पत्ते प्रादेशिक नोंदणी संस्थांकडूनच घ्यावे लागतात. आपल्या भागात ती एपनिक, आणि तिच्या खाली भारतासाठी आयआरआयएनएन. बाकी जगाशी जोडून घ्यायला बीजीपी (जाळी एकमेकांना वाटा सांगतात तो नियमसंच) तोच. फरक पडतो तो आतल्या वाटेत. पूर्वी ट्रेसराउट मारला की डेटा कुठल्या कुठल्या कंपन्यांतून गेला त्याचा बराचसा माग दिसायचा. आता एका महासागराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतची उडी एकाच जाळ्याच्या पोटात होते. बाहेरून पाहणाऱ्याला मधलं काही दिसत नाही.

पत्त्यांची एक अडचण मला कामात नेहमी भेटते. व्हीसॅटवरची गडचिरोलीची शाखा इंटरनेटला हबच्या शहरात दिसते. नव्या जाळ्यातही ग्राहक जिथे राहतो तिथला दिसण्याऐवजी त्याचा डेटा जिथे जमिनीवर उतरतो तिथला दिसू शकतो. २०२०च्या आरएफसी ८८०५ या तांत्रिक दस्तऐवजात यासाठी एक फाइल-नमुना आहे. कंपनीने आपले पत्ते कुठल्या शहरासाठी वापरले ते त्यात लिहून जाहीर करायचं, आणि स्टारलिंक अशी फाइल ठेवते. पण ते ऐच्छिक आहे. शिवाय एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक असतात. पोलिसांच्या नोटिशीत आयपी आणि वेळ असते, पण पोर्ट क्रमांक (एकाच पत्त्यामागचे ग्राहक वेगळे ओळखायचा आकडा) नसेल तर त्यातून माणूस सापडत नाही, किंवा चुकीचा सापडतो. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार लॉग (वापराच्या नोंदी) १८० दिवस भारतात ठेवायचे आहेत. परदेशात उतरलेल्या डेटाचे लॉग कुठल्या ठाणेदाराला कसे मिळणार? भारतीय गेटवेच्या अटीमागे गुप्तहेरीइतकंच हे रोजचं कामही आहे, आणि ती अट मला पटते.

खरं वजन सरकलंय ते आयटीयूकडे. इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफच्या चर्चेत तुम्ही नागपुरातून आज रात्री ईमेलने भाग घेऊ शकता. आयटीयू ही १८६५पासूनची सरकारांची संघटना. तिथे मत देशाला आहे. कंपन्या सदस्य होऊ शकतात, पण मतदान सरकारांचंच. रेडिओ नियम बदलतात ते दर तीनचार वर्षांनी भरणाऱ्या जागतिक रेडिओ परिषदेत. मागची २०२३ची दुबईला झाली, पुढची २०२७ला शांघायला आहे. इंटरनेट कसं वाढावं याचे जे निर्णय खुल्या मंडळींत व्हायचे, त्यातले काही आता या बंद दालनात होतात. कुठल्या फ्रिक्वेन्सीवर आधी कुणाचा हक्क, कुणी कुणाला त्रास द्यायचा नाही, हे तिथे ठरतं.

आणि तिथला पाया "जो आधी अर्ज करेल त्याला अग्रक्रम" हा आहे. १९७६मध्ये विषुववृत्तावरच्या काही देशांनी बोगोटा जाहीरनाम्यात आपल्या डोक्यावरच्या स्थिर कक्षेवर हक्क सांगितला होता. जगाने तो मानला नाही, पण त्यांची तक्रार खोटी नव्हती: श्रीमंत देश आधी येतात आणि जागा संपतात. आता निम्न कक्षेत तेच पुन्हा घडतंय. २०२१मध्ये रवांडाच्या नावाने ३,२७,००० उपग्रहांचा अर्ज गेला. नुसत्या कागदावर जागा अडवली जाऊ नये म्हणून २०१९च्या परिषदेने टप्पे घातले: सेवा सुरू करायची मूळ मुदत संपल्यावर दोन वर्षांत १० टक्के, पाच वर्षांत ५० टक्के आणि सात वर्षांत सगळे उपग्रह वर असले पाहिजेत. अट चांगली आहे, पण ज्याच्याकडे स्वतःची रॉकेटं आहेत त्यालाच ती सहज पाळता येते. भारताकडे रॉकेट आहे, निम्न कक्षेतलं स्वतःचं ब्रॉडबँडचं जाळं नाही. याची मला मोठी काळजी वाटते.

आयकॅनच्या संदर्भात एक इतिहास तुम्ही अभ्यासात वाचला असेल. इंटरनेटच्या मुळाशी असलेल्या नावा-क्रमांकांच्या यादीवर अमेरिकी सरकारची कराराने देखरेख होती. भारतासह अनेक देशांनी त्यावर वर्षानुवर्षं आक्षेप घेतला आणि अखेर १ ऑक्टोबर २०१६ला तो करार संपला. आता दुसऱ्या वाटेने तीच अवस्था येते आहे. १९६७च्या अंतराळ कराराचं सहावं कलम म्हणतं की खासगी कंपनीच्या अंतराळातल्या कामाला तिचं राष्ट्र जबाबदार, आणि त्याने सतत देखरेख ठेवावी. म्हणजे नागपूरवरून जाणाऱ्या स्टारलिंकच्या उपग्रहांची उंची, संख्या, आयुष्य संपल्यावर ते पाडायची मुदत, हे सगळं अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाकडे ठरतं. तो आयोग तुमच्या माझ्या मताला बांधील नाही.

बाकी देश हे पाहून आपापलं आकाश बांधायला निघाले आहेत. चीनच्या छियानफान या जाळ्याचे पहिले उपग्रह ऑगस्ट २०२४मध्ये गेले. १३,०००च्या आसपास उपग्रहांची योजना असलेल्या तिथल्याच गुओवांगचे त्याच वर्षी डिसेंबरमध्ये. युरोपीय संघाने त्याच डिसेंबरात सुमारे २९० उपग्रहांच्या आयरिस-स्क्वेअर योजनेचा करार केला. ब्राझीलच्या सरकारी दूरसंचार कंपनीने नोव्हेंबर २०२४मध्ये छियानफानच्या कंपनीशी सामंजस्य करार केला. स्पर्धा ग्राहकाच्या हिताचीच असते, पण इथे प्रत्येक जाळ्यासोबत त्याच्या मूळ देशाचे नियम येतात. एखाद्या आफ्रिकी देशाने कुणाची डिश घ्यायची हा उद्या परराष्ट्र धोरणाचा प्रश्न होईल.

स्पेक्ट्रमच्या किमतीवरून आपल्याकडे बराच वाद झाला, त्यावर मी थोडंच लिहितो. दूरसंचार कायदा, २०२३ने उपग्रह स्पेक्ट्रम लिलावाशिवाय द्यायचं ठरवलं. मला ते तांत्रिकदृष्ट्या बरोबर वाटतं, कारण एकाच फ्रिक्वेन्सीवर अनेक उपग्रह दिशा सांभाळून काम करू शकतात. ती एकाच कंपनीला विकून टाकणं म्हणजे ती वाया घालवणं. ट्राय या दूरसंचार नियामकाने मे २०२५मध्ये महसुलाच्या ४ टक्के शुल्क आणि शहरी ग्राहकामागे वर्षाला ५०० रुपये जास्त, अशी शिफारस केली. शहरात जास्त आकारणी म्हणजे कंपनीला खेड्याकडे ढकलायचा प्रयत्न.

खेड्याचं म्हणाल तर हेही सांगितलं पाहिजे की उपग्रहाची क्षमता मर्यादित असते. जुलै २०२५मध्ये केंद्रीय राज्यमंत्र्यांनी भारतात स्टारलिंकचे फार तर २० लाख ग्राहक होऊ शकतील असं सांगितलं. देशात नव्वद कोटींहून जास्त इंटरनेट जोडण्या आहेत. जिथे काहीच नाही तिथे ही डिश वरदान आहे, आणि ती गडचिरोलीत लवकर पोचावी असं मला मनापासून वाटतं. पण ती आली म्हणून भारतनेट आणि महानेट या सरकारी योजनांचं फायबर ओढणं थांबलं तर ते गाव कायमचं एका कंपनीच्या मर्जीवर राहील. २४ जुलै २०२५ला आतल्या सॉफ्टवेअरच्या बिघाडाने स्टारलिंक जगभर सुमारे अडीच तास बंद होती. आमच्याकडे हब पडलं की त्यावरच्या सगळ्या शाखा पडतात. तिथे अनेक देशांची तीच गत झाली.

नागपुरात राहून काय करता येईल? बरंच काही. रेडिओ नियमन मंडळाच्या बैठकांचे सारांश आयटीयूच्या संकेतस्थळावर खुले आहेत. इराणचं प्रकरण तिथून मुळातून वाचा, बातम्यांवर थांबू नका. ट्राय प्रत्येक मोठ्या विषयावर सल्लामसलत पत्र काढतं आणि कुणीही लेखी मत देऊ शकतं; उपग्रह स्पेक्ट्रमचं पत्र सप्टेंबर २०२४मध्ये आलं होतं. तिथे कंपन्यांची पानंच्या पानं असतात, विदर्भातल्या ग्राहकाचं एखादं पान शोधून सापडत नाही. एपनिकच्या धोरणचर्चाही खुल्या आहेत. जालन्याला दूरसंचार विभागाचं आंतरराष्ट्रीय उपग्रह देखरेख भूकेंद्र आहे. महाविद्यालयामार्फत रीतसर परवानगी मागून पाहा, आकाशातल्या सिग्नलवर नजर कशी ठेवतात ते एकदा डोळ्यांनी पाहिलं तर रेडिओ नियमांची पुस्तकं वेगळ्याच रीतीने वाचता येतात.

आणि सगळ्यात जवळचं काम म्हणजे शासनाचं ते इरादापत्र. इरादापत्रानंतर करार येतो आणि करारात कलमं असतात. आश्रमशाळा, आरोग्य उपकेंद्र, ग्रामपंचायत यांच्यासाठी सरकारी पैशातून डिश घेतली जाणार असेल, तर त्या करारात चार गोष्टी मागा. कंपनीने स्वतःहून सेवा थांबवली तर किती तासांत लेखी कारण देणार. सरकारी आदेशाने थांबवली तर त्या आदेशाचा क्रमांक ग्राहकाला कळणार का. तक्रार कुठल्या अधिकाऱ्याकडे जाणार आणि तो भारतात बसणार का. आणि आरोग्य उपकेंद्राच्या टर्मिनलला बंदीतून वगळता येईल का, कारण टर्मिनल एकेक करून बंद करता येतं म्हणजेच एकेक करून चालूही ठेवता येतं. ही चार कलमं मराठीत, साध्या भाषेत लिहून जिल्हाधिकारी कार्यालयाला आणि माहिती तंत्रज्ञान विभागाला पाठवता येतील. मसुदा केलात तर इथेच टाका. टर्मिनल वगळण्याच्या कलमाची तांत्रिक भाषा मी लिहून देईन.